शरदात आईकडे: सावंतवाडीच्या तळ्याकाठी आठवडाभर

गणपतीला सावंतवाडी भरून जाते. मुंबईकर येतात, बंद घरं उघडतात, भजनं होतात आणि पाच-सात दिवसांत सगळे परत फिरतात. त्या धांदलीत आईची तब्येत खरी कशी आहे ते कोणालाच कळत नाही. ती सगळा वेळ स्वयंपाकघरात उभी असते आणि घर भरल्याच्या आनंदात दुखणंखुपणं बाजूला ठेवते. पंच्याहत्तरीच्या आसपासची आई एकटी राहत असेल, तर वर्षातली एक खेप फक्त तिच्यासाठी काढायला हवी आणि ती आश्विन-कार्तिकात काढायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पाऊस ओसरलेला असतो, दवाखान्यांतली साथीची गर्दी कमी होत आलेली असते, पेन्शनची कामं याच दिवसांत निघतात आणि तळ्याकाठी आईला घेऊन चालता येतं.

सावंतवाडी माझं गाव, म्हणून उदाहरणं तिथली आहेत. कोणाची आई कोल्हापूरला रंकाळ्याजवळ किंवा ठाण्याला तलावपाळीजवळ राहत असेल, तर प्रवासाचा भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू पडेल.

कधी जायचं, कसं जायचं

कोजागरी ते दिवाळी यांच्या मधला काळ सर्वांत चांगला. दसऱ्याच्या सुमाराला परतीचा पाऊस असतो. दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारच्या सुमाराला गडगडाटासह सर, असं बरेच दिवस चालतं. वीज जाते, अंगण पुन्हा ओलं होतं. कोजागरीनंतर हे कमी होतं. दिवाळीच्या ऐन चार दिवसांत मात्र डॉक्टर, बँक, सुतार, प्लंबर यातलं कोणी मिळत नाही. म्हणून कामं आधी उरका आणि दिवाळी मोकळ्या मनानं करा. निदान आठ दिवस हाताशी ठेवा. तीन दिवसांच्या खेपेत पाहुणचारापलीकडे काही होत नाही.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्या आणि तुतारी या गाड्या सोयीच्या. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातच संपतं आणि वेळा बदलतात, त्यामुळे जाताना आणि येताना दोन्हीकडच्या वेळा नव्यानं बघून घ्या. सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाही, मळगावला आहे. पहाटे उतरणार असाल तर ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. खासगी बसनं येणाऱ्यांनी बस गावात शिरते की महामार्गावर झारापजवळ सोडते, हे तिकीट काढतानाच विचारावं. विमानानं यायचं तर २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झालेला गोव्यातला मोप्याचा विमानतळ आपल्याला पणजीपेक्षाही जवळ पडतो.

आईला परत येताना थोडे दिवस आपल्याकडे आणायचं असेल, तर तिकीट काढताना तिच्यासाठी खालच्या बर्थचा पर्याय निवडा. महिलांना ४५ वर्षांनंतर हा कोटा मिळतो. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ नंतर प्रवास मोफत आहे. आधार कार्ड जवळ असलं म्हणजे झालं.

निघण्याआधी फोनवर

“तुला काय आणू?” या प्रश्नाला “काय नको, तू ये म्हणजे झाला” हेच उत्तर येणार. त्याऐवजी नेमकं विचारा. चष्मा नीट लागतो का? चप्पल झिजली आहे का? मिक्सरचं भांडं गळतं का? रात्री बाथरूमला जाताना दिवा लागतो का? या चार प्रश्नांतून सामानाची यादी तयार होते. सोबत दंडाला बांधायचा डिजिटल बीपी मोजायचा पट्टा, प्लगमध्ये बसणारे छोटे रात्रदिवे आणि सात दिवसांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी न्या. या तीन गोष्टी मी दरवेळी सुचवतो. मिठाईचे खोके कमी न्या.

पहिले दोन दिवस फक्त बघायचं

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. घरात पाऊल टाकल्याबरोबर “हे काय असं ठेवलंयस?” म्हणून सुरुवात केली की आई सावध होते आणि पुढचे आठ दिवस सगळं लपवते. “माका काय होणा नाय, मी बरी आसंय” असं म्हणत ती फणसाच्या घरच्या वड्या पुढे ठेवते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून दोन दिवस एकही सूचना करू नका. तिच्या वेळेला उठा, तिच्याबरोबर चहा घ्या, ती जिथे बसते तिथे बसा.

बघायचं ते असं. खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेते का? उंबरठा ओलांडताना चौकट धरते का? टीव्हीचा आवाज किती मोठा असतो? दूध उतू जाणं, भांडी करपणं नेहमीचं झालंय का? फ्रीजमध्ये तीन-तीन दिवसांचं शिळं आहे का? मसाल्याच्या डब्याला जाळं धरलंय का? विजेची बिलं न उघडता पडली आहेत का? तीच गोष्ट तासाभरात पुन्हा सांगते का? कपडे सैल झाले असतील तर वजन उतरलंय. ब्लाउजच्या बाहीकडे बघितलं तरी कळतं. एखाद-दुसरी खूण वयाची म्हणून सोडून देता येते. बऱ्याच एकत्र दिसल्या, आणि त्या गणपतीनंतरच्या असतील, तर डॉक्टरांना सांगण्यासारखं काही आहे असं समजा.

यातली एक चाचणी खेळासारखी करता येते. हात टेकायला दांडे असलेल्या खुर्चीत तिला बसवा. उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. वेग तिचा नेहमीचाच. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चाला. घराची डागडुजी किती करायची हे त्यावरून ठरवता येईल.

गोळ्यांची पिशवी

तिसऱ्या दिवशी औषधांना हात घाला, आणि तोही तिच्या परवानगीनं. घरातली सगळी औषधं एका परातीत काढायला सांगा. उशीखालची, देवघरातली, पर्समधली, आयुर्वेदिक, आणि शेजारणीनं “मला बरं वाटलं” म्हणून दिलेलीसुद्धा.

बहुतेक घरांत असं दिसतं की दुकानदारानं पट्टी कात्रीनं कापून पाच-पाच गोळ्या दिलेल्या असतात आणि त्या तुकड्यावर ना औषधाचं नाव उरलेलं असतं ना मुदतीची तारीख. आई गोळी रंगावरून ओळखते. “ही गुलाबी सकाळची, ही पांढरी रात्रीची.” कंपनी बदलली की रंग बदलतो आणि इथेच घोळ होतो. शहरातल्या डॉक्टरांनी एका नावानं आणि गावातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावानं दिलेलं तेच रक्तदाबाचं औषध ती दोनदा घेत असते. म्हणून ब्रँडचं नाव बघू नका, त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव जुळवा.

मग एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत, मराठीत, तक्ता करा. औषध, कशासाठी, किती, कधी, जेवणाआधी की नंतर. एक प्रत स्वयंपाकघरात लावा, एक तिच्या पर्समध्ये ठेवा, एकीचा फोटो तुमच्या फोनमध्ये. दुकानदाराला सांगा की अख्खी पट्टीच द्या, पैसे गेले तरी चालतील. नाव नसलेले तुकडे आणि मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढा. पण चालू असलेलं कुठलंही औषध तुमच्या मनानं बंद करू नका. आधी यादी डॉक्टरांना दाखवा.

बीपी मोजण्याची पद्धत बऱ्याच घरांत चुकते. आईला पाच मिनिटं पाठ टेकवून शांत बसवा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि मोजताना बोलायचं नाही. मग तिला उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर रात्री उठताना चक्कर येण्याचं कारण तेच असू शकतं. हे आकडे तारखेसह लिहून डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टरांना काय विचारायचं तेही लिहून न्या. साखर, किडनी, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि, लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर, सोडियम तपासायचं का? वयस्क माणसात सोडियम उतरलं की गोंधळल्यासारखं होतं आणि घरची माणसं त्याला विसरभोळेपणा समजतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का ते बघून घ्या. कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार करण्याआधी कानात मळ साठलाय का तेवढं तपासा. डॉक्टरांपुढे आईला बोलू द्या. तिच्या वतीनं तुम्हीच उत्तरं द्यायला लागलात तर अर्ध्या गोष्टी बाहेरच येत नाहीत.

आणि एक गोष्ट या दिवसांची. शेतात, चिखलात, साचलेल्या पाण्यात वावर झाला असेल आणि ताप आला, तर “हवा बदलली” म्हणून काढा देत बसू नका. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर लेप्टोचे (उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचे) रुग्ण सापडतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घर

आपली घरं चिऱ्याची. पावसाळ्यात अंगण, पायऱ्या आणि विहिरीकडची वाट यांवर शेवाळ धरतं. ते ऑक्टोबरच्या उन्हात वाळून काळं दिसतं आणि गेलं असं वाटतं, पण एक सर आली की पुन्हा निसरडं होतं. ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशनं घासून घ्या. हे काम गड्याकडून करून घेतलं तरी समोर उभे राहा.

न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला पक्के दांडे बसवा. टॉवेलची दांडी आधाराला चालत नाही, वजनानं निघून येते. चिऱ्याच्या भिंतीत साधा खिळा धरत नाही, म्हणून माहितगार मिस्त्री बोलवा. खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रदिवे लावा. पायपुसणी आणि घडी पडणाऱ्या सतरंज्या उचला. रोजचे डबे माळ्यावरून खाली, कमरेच्या उंचीला आणा. स्टुलावर चढणं बंद करायचं तर चढायचं कारणच काढून टाकावं लागतं. गॅसच्या नळीवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षं झाली असतील तर बदला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरा.

भातकापणीचे दिवस असतात. शेतातला उंदीर घराकडे सरकतो आणि त्याच्यामागे घोणस, फुरसं. पडवीतला लाकडांचा, नारळाच्या सोडणांचा ढीग भिंतीपासून लांब हलवा, आणि अंधारात बाहेर जाताना टॉर्चशिवाय जायचं नाही हे ठरवून टाका. साप चावलाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, गावठी औषध यातलं काही नको. हातपाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालयात न्यायचं. विषावरची लस तिथेच मिळते.

कागदपत्रं एका बैठकीत

आई स्वतःची किंवा बाबांच्या मागची पेन्शन घेत असेल, तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आता बँकेत रांग लावायची गरज नाही. तुमच्या फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप घ्या. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खातं हाताशी ठेवा आणि खिडकीच्या उजेडात तिचा चेहरा स्कॅन करा. बोटांचे ठसे पुसट झालेल्या आयांसाठी ही फार मोठी सोय आहे. ते जमलं नाही तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत दाखला काढून देतो.

७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही योजना सुरू झाली. यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते यादीतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. जवळची कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते आत्ताच बघून ठेवा.

बँकेत नामनिर्देशन आहे का ते तपासा. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. सातबारा, आठ अ, घरपट्टीची पावती एका फाइलमध्ये लावा. मृत्युपत्राचा विषय आईनं काढला तर टाळू नका, आणि तिनं काढला नाही तर पहिल्याच खेपेत रेटू नका. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ही चर्चा सगळ्या भावंडांच्या कानावर घालूनच करा. एकट्यानं केलेल्या कागदांवरून घरं फुटलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

फोनवरून पोलीस किंवा बँकवाले म्हणून धमकावणाऱ्यांबद्दल तिला स्पष्ट सांगा. कोणी पैसे मागितले तर फोन ठेवायचा आणि आधी तुम्हाला लावायचा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच तक्रार करायची.

तळ्यावर

मोती तलाव १८७४ मधला. राजवाडा समोर, कडेनं रस्ता आणि फुटपाथ, पलीकडे नरेंद्र डोंगर. आईनं या काठावरून शाळा गाठली असेल, लग्न होऊन आली असेल तर नव्या गावाची पहिली ओळख इथेच झाली असेल. इथे तिला घेऊन या, पण डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणून नको.

वेळ सकाळी साडेसहा ते आठ. ऑक्टोबरचं ऊन नऊनंतर झेपत नाही. संध्याकाळी जायचं तर पाचच्या पुढे निघा, सहा वाजून गेले की झपाट्यानं काळोख पडतो. आभाळात गडगड ऐकू आली तर त्या दिवशी घरीच बसा. पूर्ण फेरी मारायचा हट्ट नको. एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत, तिथे बसायचं, पुढे जावंसं वाटलं तर जायचं. वाहनांच्या बाजूला तुम्ही चाला, तिला पाण्याच्या बाजूला ठेवा. तिचा दंड तुम्ही धरू नका, तुमचा दंड तिला धरू द्या. तोल गेला तर ती स्वतःला सावरू शकते आणि तिला ओढल्यासारखं वाटत नाही. पायात मागे पट्टा असलेली चप्पल. निघण्यापूर्वी बाथरूमला जाऊन यायचं. हे नीट सांभाळलं नाही तर बायका बाहेर पडणंच टाळतात आणि कारण सांगत नाहीत.

बाकावर बसल्यावर ओळखीचं कोणी ना कोणी थांबतंच. त्यांना बोलू द्या, घाई करू नका. दूर राहणाऱ्या मुलांना जे कधीच कळत नाही ते इथे कळतं. आईची मैत्रीण गेली, देवळात जाणं बंद झालं, परवा बाजारात चक्कर आली. मंगळवारी आठवडा बाजार असतो. जमलं तर तोही तिच्याबरोबर करा. भाव तिला करू द्या, पिशवी तुम्ही धरा.

चावदिस

नरकचतुर्दशीपर्यंत राहिलात तर फारच चांगलं. आमच्याकडे त्याला चावदिस म्हणतात. पहाटे अभ्यंग झाल्यावर तुळशीपुढे पायाच्या अंगठ्यानं कारीट (छोटं कडू रानफळ) फोडायचं, “गोविंदा” म्हणायचं आणि मग पोहे. नव्या भाताचे पोहे, गुळातले, दुधातले, दह्यातले, नारळाच्या रसातले, तिखट, आणि जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ. एकट्या राहणाऱ्या बाया हे सगळं करणं सोडून देतात. खाणार कोण, म्हणून. यंदा दोन प्रकार करा, पण करा. नारळ तुम्ही खवणा, रस तुम्ही काढा, चव तिला बघू द्या. साखरेचा त्रास असेल तर गोडाचा एकच प्रकार, लहान वाटीत, आणि बाकी दह्यातले किंवा तिखट. कारीट फोडताना तिला खुर्चीत बसवा, एका पायावर उभं राहायला लावू नका. अभ्यंगाच्या तेलानं न्हाणीघराची फरशी निसरडी होते, तीही लगेच पुसा.

निघण्याच्या आदल्या दिवशी

“आता तू मुंबईलाच चल” हा विषय निघताना काढू नका. ज्या घरात तिला काळोखातसुद्धा बटणं सापडतात ते घर सोडायला लावणं हा मोठा निर्णय आहे. तो घ्यायचा तर तिच्या सवडीनं घ्यायचा. बहुतेक वेळा घर सुरक्षित केलं, गोळ्यांची घडी बसवली आणि आसपासची माणसं बांधून ठेवली, की आणखी बरीच वर्षं ती तिथे स्वतःच्या जोरावर राहू शकते. आठ दिवसांची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

माणसं बांधायची म्हणजे काय, तर तीन जणांशी प्रत्यक्ष जाऊन बोलायचं. एक शेजारी, ज्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली राहील. एक रिक्षावाला, जो रात्री फोन उचलेल. आणि औषधवाला, जो पट्टी संपत आली की घरी पोचवेल. शेजाऱ्यांशी साधं ठरवा. सकाळी आठपर्यंत पुढचं दार उघडलं नाही तर हाक मारायची, आणि ओ आली नाही तर तुम्हाला फोन करून किल्लीनं दार उघडायचं. त्यासाठी आईनं रात्री आतून कडी न घालता कुलूपच लावायचं, हेही तिच्याशी बोलून ठेवा.

फोनजवळ मोठ्या अक्षरांत नंबर लावा. १०८ रुग्णवाहिका, ११२ तातडीची मदत, १४५६७ ज्येष्ठांची हेल्पलाइन, आणि मग घरची माणसं. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. मोठं दुखणं निघालं तर आपल्याकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जातात आणि गाडीनं दीड तासाच्या आसपास लागतो. कोणत्या दुखण्याला कुठे न्यायचं हे डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहा. सोबत औषधांचा तक्ता, आधारची प्रत आणि थोडी रोख रक्कम एका पिशवीत घालून दारामागे टांगा, आणि ती पिशवी कुठे आहे हे शेजाऱ्यांनाही दाखवा.

परत गेल्यावर रोजच्या फोनची एक वेळ ठरवा आणि ती पाळा. “बरी आहेस ना?” असं विचारलंत तर “हो”च ऐकू येणार. आज काय केलंस जेवायला, कोण आलं होतं, डबीतला आजचा कप्पा रिकामा झाला का, तळ्यावर कुठल्या बाकापर्यंत गेलीस, हे विचारा. भावंडांनी वार वाटून घ्यावेत, आणि उत्तरात काही वेगळं जाणवलं तर दुसऱ्या भावंडाला त्याच दिवशी कळवावं.